मधलं अंतर : कॅनडाच्या ज्युनियर बास्केटबॉलची गोष्ट

(दृश्य : कॅनडाचा नकाशा. कॅमेरा पूर्व किनाऱ्यावरून हळूहळू पश्चिमेकडे सरकतो.)

हा नकाशा नीट पाहा. उजव्या टोकाला सेंट जॉन्स, डाव्या टोकाला व्हँकूव्हर. सरळ रेघ ओढली तरी मध्ये सुमारे ५,००० किलोमीटर. एवढ्या देशात 'राष्ट्रीय विजेता' ठरवायचा, तर आधी प्रवासाचा हिशेब मांडावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी एका किनाऱ्यावरच्या संघाला दुसऱ्या टोकाला खेळायला जायचं, तर आगगाडीत कित्येक दिवस सहज जायचे. अवघडलेले पाय जरा मोकळे केले की मैदानात.

ही गोष्ट त्या अंतराची आहे. कॅनडातली पोरं हे अंतर कशी कापत गेली, कुठे पोहोचली आणि कुठे अडली, त्याची.

(दृश्य : आल्मॉन्टचा नदीकाठ. दगडी घरं, झाडी.)

सुरुवात ऑन्टारिओतल्या आल्मॉन्टपासून. १८६१ साली या गावाजवळ जेम्स नेस्मिथचा जन्म झाला. नऊ वर्षांचा असताना टायफॉइडने आई आणि वडील, दोघंही गेले. मामाच्या घरी वाढलेला हा मुलगा गावच्या पोरांबरोबर एक साधा खेळ खेळायचा. मोठ्या धोंड्यावर एक छोटा दगड ठेवायचा आणि लांबून दुसरा दगड मारून तो पाडायचा. आपल्या लगोरीची आठवण यावी असाच. त्यात त्याच्या एक लक्षात आलं होतं. दगड जोरात भिरकावला, तर नेम चुकतो आणि आपलाच दगड लांब जाऊन पडतो. हलक्या हाताने, वरून कमान देत टाकला, तर काम होतं.

पुढे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकून तो अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला शिक्षक झाला. डिसेंबर १८९१. बाहेर बर्फ, आत व्यायामशाळेत कंटाळलेले अठरा विद्यार्थी. त्यांच्यासाठी त्याने पीचची फळं ठेवायच्या दोन टोपल्या भिंतीवर उंच लावल्या, तेरा नियम लिहिले आणि चेंडू वर फेकला. बास्केटबॉल सुरू झाला. टोपली जमिनीवर न ठेवता डोक्याच्या वर लावली, त्यामुळे चेंडू जोरात मारून उपयोग नव्हता, कमान द्यावीच लागे. आल्मॉन्टचा तो छोटा दगड इथे कामी आला.

त्या वर्गात काही कॅनडाचे तरुणही होते. त्यांच्यातला नोव्हा स्कोशियाचा लायमन आर्किबाल्ड हा खेळ घेऊन न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट स्टीफनला आला. नदीच्या या काठाला सेंट स्टीफन, त्या काठाला अमेरिका. तिथे १८९३ मध्ये ज्या लाकडी फळ्यांवर सामना झाला, त्या फळ्या आजही शाबूत आहेत. २०१० मध्ये त्या इमारतीला आग लागली, तरी वाचल्या. जुन्या वास्तूंबद्दल मला नेहमीच माया वाटते, पण या फळ्यांची गोष्ट निराळी आहे. तेव्हा खेळ जेमतेम दोन वर्षांचा होता, आणि त्या वेळच्या पावलांखालची जमीन अजून जागच्या जागी आहे.

(दृश्य : आल्बर्टाचा सपाट प्रदेश. शेतं आणि मोठं आकाश.)

आता थेट पश्चिमेला. आल्बर्टाच्या दक्षिणेला रेमंड नावाचं गाव आहे. अमेरिकेतल्या युटाहून आलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतकऱ्यांनी ते १९०१ साली वसवलं, आणि लगोलग तिथे साखर कारखाना उभा राहिला. ऊस नाही, बीट. साखर कारखान्याभोवती वाढलेलं गाव आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. गावात पैसा खेळतो, सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि गावचा संघ हा घराघराचा संघ असतो. रेमंडच्या संघाचं नाव होतं युनियन जॅक्स. १९२३ साली देशभरातल्या हौशी बास्केटबॉलची संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी पुरुषांचं राष्ट्रीय विजेतेपद या छोट्याशा गावाने पटकावलं. टोरोंटो नाही, मॉन्ट्रियल नाही. रेमंड.

पुढच्या वर्षांत विजेतेपदांना वयाच्या पायऱ्या आल्या. वर सीनियर, खाली ज्युनियर, त्याखाली आणखी लहान मुलांचे गट. पद्धत सरळ होती. आधी आपला प्रांत जिंकायचा, मग शेजारच्या प्रांताच्या विजेत्याशी दोन हात करायचे, आणि शेवटी पश्चिमेचा विजेता पूर्वेच्या विजेत्यासमोर उभा राहायचा.

ज्युनियर गटातली मुलं म्हणजे शाळा नुकतीच सुटलेली किंवा सुटण्याच्या बेतात असलेली. कुणी दुकानात काम करणारा, कुणी शेतावर राबणारा. आपला प्रांत सोडून पहिल्यांदाच बाहेर पडणारा मुलगा गाडीच्या खिडकीतून दिवस दिवस गव्हाची शेतं पाहत जातो, तेव्हा देश केवढा आहे हे त्याला कळतं. ही शिकवण भूगोलाच्या पुस्तकातून मिळत नाही. राष्ट्रीय स्पर्धेने कॅनडाला जे दिलं, त्यात चषकांपेक्षाही हे मोठं देणं आहे असं मला मनापासून वाटतं.

या प्रवासाची किंमतही मोजावी लागली. विनिपेगचा टॉयलर्स हा देशातल्या नावाजलेल्या संघांपैकी एक. १९३३ च्या मार्चमध्ये तो अमेरिकेतल्या टल्सा शहरात सामने खेळायला गेला होता. परतताना, ३१ मार्चला, कॅन्सस राज्यातल्या निओडेशा गावाजवळ त्यांचं विमान कोसळलं. सहा जण गेले. त्यांत दोन खेळाडू होते : जो डॉड्स आणि माइक शे.

(काही क्षण शांतता. पडद्यावर फक्त बर्फाळ मैदान.)

(दृश्य : विंडसर आणि डेट्रॉइटमधली नदी. पलीकडे उंच इमारती.)

विंडसर हे ऑन्टारिओतलं मोटारींचं शहर. समोर नदी, पलीकडे डेट्रॉइट. गंमत म्हणजे इथे अमेरिका उत्तरेला आणि कॅनडा दक्षिणेला आहे. १९३६ मध्ये इथल्या संघाचं नाव होतं फोर्ड व्ही-एट्स. कारखान्याच्या नावाचा, इंजिनाच्या नावाचा संघ. त्यांनी राष्ट्रीय विजेतेपदासाठी थेट पॅसिफिकच्या काठावरच्या व्हिक्टोरिया डॉमिनोज संघाला हरवलं. हा विजय नेहमीपेक्षा मोठा होता, कारण त्या वर्षी बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये पदकासाठी खेळला जाणार होता आणि राष्ट्रीय विजेता बर्लिनला जाणार होता.

मग एक मनाचा मोठेपणा घडला. हरलेल्या व्हिक्टोरिया संघातले तिघे, आर्ट आणि चक चॅपमन हे दोघे भाऊ आणि डग पीडन, विंडसरच्या मुलांबरोबर कॅनडाच्या संघात आले. कालपर्यंत तीन हजारांहून जास्त किलोमीटरवरचे प्रतिस्पर्धी, आज एकाच बोटीत. याच संघात विंडसरचा अर्व्हिंग मेरेट्स्की होता. तो ज्यू होता. १९३६ च्या बर्लिनमध्ये एका ज्यू तरुणाने छातीवर कॅनडाचं नाव लावून मैदानात उतरणं म्हणजे काय, याचा विचार करून पाहा.

आता तो अंतिम सामना. १४ ऑगस्ट १९३६. मैदान छताखाली नाही, उघड्यावर. टेनिसची मातीची कोर्टं बास्केटबॉलसाठी आखलेली. आणि आभाळ फाटल्यासारखा पाऊस. चेंडू जमिनीवर टाकला की तिथेच चिखलात रुतून बसे, वर उसळायचं नावच घेत नसे. ड्रिबल करायची, म्हणजे चेंडू आपटत पुढे न्यायची सोय नाही म्हटल्यावर उरलं काय? नुसते पास आणि घसरणारे पाय. मध्यंतराला अमेरिका १५, कॅनडा ४. शेवटी १९ विरुद्ध ८. एका अख्ख्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे मिळून २७ गुण! आज एका क्वार्टरमध्ये, म्हणजे पाव सामन्यात, एकटा संघ एवढे गुण करतो.

पदकं द्यायला पांढऱ्या मिशांचा एक वृद्ध गृहस्थ उभा होता. जेम्स नेस्मिथ, वय ७४. तोवर तो अमेरिकेचा नागरिक झाला होता, पण पोरगा आल्मॉन्टचाच. एका हाताने त्याने आपण स्वीकारलेल्या देशाला सुवर्ण दिलं, दुसऱ्या हाताने जन्मभूमीला रौप्य. तीन वर्षांनी तो गेला. व्यायामशाळेतल्या कंटाळलेल्या मुलांसाठी काढलेला खेळ साऱ्या जगात गेलेला त्याने डोळ्यांनी पाहिला, याचं मला फार बरं वाटतं.

(दृश्य : जुनी शालेय व्यायामशाळा, भिंतीवर विजेत्यांचे फलक.)

पुढची काही दशकं भरभर जाऊ. हिवाळ्यावर आइस हॉकीचंच राज्य राहिलं. बास्केटबॉल शाळा, विद्यापीठं, चर्चची सभागृहं आणि वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना यांच्या आधाराने तग धरून होता. जॅक डॉनोह्यू या प्रशिक्षकाने पुरुष संघाला १९७६ आणि १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये चौथ्या स्थानापर्यंत नेलं. १९८३ मध्ये एडमंटनला जागतिक विद्यापीठ स्पर्धा झाली, तेव्हा त्याच्याच संघातल्या मुलांनी उपांत्य फेरीत अमेरिकेला हरवलं. त्या अमेरिकन संघात चार्ल्स बार्कली आणि कार्ल मलोन होते. कॅनडाने सुवर्ण जिंकलं, आणि एडमंटनच्या लोकांनी ते आपल्या घरच्या अंगणात पाहिलं.

याच एडमंटनमध्ये १९९१ साली ज्युनियर पुरुषांची जागतिक स्पर्धा भरली. अंतिम सामना अमेरिका आणि इटलीत झाला, अमेरिका जिंकली. यजमान कॅनडा पदकांच्या आसपास नव्हता.

मग व्हिक्टोरियाचा एक सडपातळ मुलगा पुढे आला. हे तेच डॉमिनोजचं व्हिक्टोरिया. १९९२ मध्ये त्याने आपल्या शाळेला ब्रिटिश कोलंबियाचं विजेतेपद मिळवून दिलं. अमेरिकेतल्या विद्यापीठांना पत्रांमागून पत्रं गेली, चित्रफिती गेल्या. शिष्यवृत्ती देऊ केली ती एकट्या सांता क्लारा विद्यापीठाने. त्या मुलाचं नाव स्टीव्ह नॅश. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा सर्वोत्तम खेळाडू, २००५ आणि २००६, लागोपाठ दोनदा. कॅनडातल्या मुलाला अमेरिकेत कुणी हिंग लावून विचारत नव्हतं, असा तो काळ होता.

१९९५ मध्ये टोरोंटो आणि व्हँकूव्हरला एनबीएचे संघ आले. व्हँकूव्हरचा संघ सहा वर्षांत निघून गेला, टोरोंटोचा रॅप्टर्स टिकला. शहराच्या उपनगरांत कॅरिबियन बेटांवरून, आफ्रिकेतून, दक्षिण आशियातून येऊन स्थायिक झालेली कुटुंबं होती. त्यांची मुलं बर्फावर घसरायला शिकण्याआधी चेंडू आपटायला शिकली. बर्फावरच्या खेळाला बूट, काठी, संरक्षक कपडे, सरावाला भाड्याचा बर्फ, म्हणजे खिसा रिकामा. बास्केटबॉलला एक चेंडू आणि शाळेच्या आवारातली एक रिंग पुरे.

मुलं तयार होऊ लागली आणि जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. पूर्वीचं अंतर पूर्व-पश्चिम होतं, आता ते उत्तर-दक्षिण झालं. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा चांगला निघाला की घरच्यांसमोर प्रश्न पडे : इथेच ठेवायचा की अमेरिकेतल्या शाळेत पाठवायचा? अँड्र्यू विगिन्स वेस्ट व्हर्जिनियाला गेला. आर. जे. बॅरेट फ्लोरिडाला गेला. आईवडिलांना दोष द्यायला मी धजणार नाही. स्पर्धा तिकडे होती, प्रशिक्षण तिकडे होतं, मोठी विद्यापीठं बघायला तिकडेच येत होती. पण दहा महिने परदेशात राहणारा मुलगा उन्हाळ्यात देशाचा शर्ट घालायला परत येईल का, यावर सगळं अवलंबून होतं. इथे वयोगटांच्या राष्ट्रीय स्पर्धांचं महत्त्व कळतं. पंधरा आणि सतरा वर्षांखालील गटांत प्रांतांचे संघ उन्हाळ्यात एकमेकांना भिडतात. तिथे जमलेली मैत्री, तिथे अंगात घातलेला प्रांताचा शर्ट, हा परत येण्याचा धागा असतो.

(दृश्य : टोरोंटोतली एक शाळा, मोकळं बास्केटबॉल कोर्ट, संध्याकाळ.)

हा धागा हातात धरून बसलेल्या माणसांत एक नाव आपल्या ओळखीच्या वळणाचं आहे. रॉय राणा. भारतीय वंशाचा प्रशिक्षक. टोरोंटोतल्या ईस्टर्न कॉमर्स या सरकारी शाळेचे संघ त्याने घडवले, नंतर शहरातल्या रायर्सन विद्यापीठात गेला. २०१० मध्ये हॅम्बुर्गला सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेत त्याच्या संघाने कांस्य मिळवलं. २०१६ मध्ये अठरा वर्षांखालील अमेरिका खंडाच्या स्पर्धेत रौप्य. त्या संघात हॅमिल्टनचा एक शांत मुलगा होता, शाय गिल्जस-अलेक्झांडर. २०२५ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच वर्षी त्याच्या संघाने विजेतेपदही मिळवलं.

आणि मग जुलै २०१७. कैरो.

(दृश्य : कैरोचा उन्हाळा, बंदिस्त क्रीडागृहाबाहेरची गर्दी.)

एकोणीस वर्षांखालील जागतिक स्पर्धा. उपांत्य फेरीत समोर अमेरिका, मागच्या दोन्ही वेळची विजेती. बाकावर जॉन कॅलिपारीसारखा नावाजलेला प्रशिक्षक. कॅनडाच्या बाकावर राणा, आणि मैदानावर महिन्यापूर्वीच सतरा पूर्ण केलेला आर. जे. बॅरेट. डावखुरा, मिसिसागाचा. वयाने इतरांहून लहान, पण चेंडू हाती आला की सरळ बास्केटच्या दिशेने निघणार. त्याला अडवायला एक येई, मग दोन येत, तरी तो खांदा आत घालून वाट काढी, आणि फाउलची शिट्टी वाजली की मुकाट्याने फ्री थ्रोच्या, म्हणजे बिनअडथळा फेकीच्या, रेषेवर जाऊन उभा राही. ३८ गुण, १३ रिबाउंड (रिंगवरून परतलेला चेंडू पकडणं), ५ असिस्ट (सोबत्याला गुण मिळवून देणारा पास). कॅनडा ९९, अमेरिका ८७.

नदीपलीकडचा थोरला शेजारी. ज्यांच्या शाळांत आपली पोरं शिकायला जातात, ज्यांच्याविरुद्ध बर्लिनच्या चिखलात आठच गुण झाले होते. त्यांना हरवलं.

अंतिम सामना दुसऱ्या दिवशी, ९ जुलैला, इटलीशी. मोठा विजय मिळवल्यावर दुसऱ्या दिवशी पोरं ढिली पडतात, हे खेळात नेहमीचं. इथे तसं झालं नाही. कॅनडा ७९, इटली ६०. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, जागतिक स्पर्धेत कॅनडाला मिळालेलं हे पहिलं सुवर्ण. कोणत्याही वयोगटात, पुरुष किंवा महिला, पहिलंच. सीनियर संघाला जमलं नव्हतं ते ज्युनियर मुलांनी आधी करून दाखवलं.

२०२१ मध्ये रीगाला याच स्पर्धेत कॅनडाने कांस्य मिळवलं. त्या संघात टोरोंटोचा झॅक ईडी होता. तो लहानपणी हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉलकडे बऱ्याच उशिरा वळला. उंची सात फूट चार इंच. एवढ्या उंचीच्या मुलालाही कॅनडात आधी हॉकीची काठीच हातात मिळते.

(दृश्य : मनिला, २०२३. लाल शर्ट, गळ्यात पदकं.)

ज्युनियर मुलं मोठी झाली. सप्टेंबर २०२३, मनिला, विश्वचषकातला कांस्यपदकाचा सामना, समोर पुन्हा अमेरिका. सामना जिंकल्यात जमा होता. शेवटच्या क्षणाला अमेरिकेच्या मिकाल ब्रिजेसने मुद्दाम फ्री थ्रो चुकवला, चेंडू स्वतःच पकडला आणि कोपऱ्यातून तीन गुणांचा फटका मारून बरोबरी साधली. एखाद्या संघाचा अशा वेळी धीर सुटला असता. कॅनडाने जादा वेळेत १२७-११८ असा सामना काढला. डिलन ब्रूक्सचे ३९ गुण. संघात शाय होता, आर. जे. बॅरेट होता. पुरुषांच्या विश्वचषकातलं कॅनडाचं हे पहिलं पदक.

आता बॅरेटच्या घरातली गोष्ट सांगायलाच हवी.

आर. जे.चा जन्म जून २००० चा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याचे वडील रोवन बॅरेट सिडनी ऑलिंपिकमध्ये कॅनडाकडून खेळत होते, घरी तीन महिन्यांचं बाळ. संघाचा कणा होता स्टीव्ह नॅश, त्या बाळाचा गॉडफादर. त्या संघाने कमाल केली होती, सगळ्या देशाचं लक्ष वेधलं होतं. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सने त्यांना ६८-६३ असं हरवलं आणि नॅश रडत मैदानाबाहेर गेला.

त्यानंतर कॅनडाच्या पुरुष संघाला पुन्हा ऑलिंपिक गाठायला चोवीस वर्षं लागली. पॅरिस, २०२४. रोवन बॅरेट आता संघाचे महाव्यवस्थापक. मैदानावर त्यांचा मुलगा, वय २४. उपांत्यपूर्व फेरी, आणि समोर पुन्हा फ्रान्स, यावेळी त्यांच्या घरच्या प्रेक्षकांसमोर.

फ्रान्स ८२, कॅनडा ७३.

ऑलिंपिक बास्केटबॉलमध्ये कॅनडाकडे अजूनही एकच पदक आहे. विंडसरच्या आणि व्हिक्टोरियाच्या पोरांनी भर पावसात मिळवलेलं, नेस्मिथच्या हातून घेतलेलं रौप्य.

(दृश्य : शाळेचं रिकामं कोर्ट. एक मुलगा एकटाच फ्री थ्रोचा सराव करतोय. चेंडूचा आवाज. पडदा हळूहळू काळा होतो.)